पं. विष्णु नारायण भातखंडे : ज्यांनीं गाणें लिहून ठेविलें

वेदगंगेच्या कांठच्या गारगोटीसारख्या गांवीं गाणें ही ऐकून शिकण्याची विद्या आहे. भजनी मंडळांत बसणारा मुलगा प्रथम टाळ धरतो, मग ध्रुवपदांत आवाज मिळवितो, आणि दोनचार वर्षांत त्याच्या तोंडीं चाली बसतात. परंतु त्या चाली त्यास कोणीं कागदावर मांडून दिलेल्या नसतात. धनगरांच्या ढोलाचे हात, लेझमीचा ठेका, जात्यावरच्या ओव्यांचे सूर, ह्या सर्वांची हीच रीत आहे. ज्यास येतें तो जिवंत आहे तोंपर्यंत तें आहे. त्यानें दुसऱ्यास दिलें नाहीं तर तें त्याच्याबरोबर मातीस मिळतें. खेड्यांतल्या गाण्याची ही स्थिति वाचकांस ठाऊकच आहे. पण राजेरजवाड्यांच्या दरबारीं जें मोठें गाणें चाले, ज्यास वर्षासनें व शालजोड्या मिळत, त्याचीही स्थिति शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं याहून फारशी निराळी नव्हती. तें गाणें हुडकून, तपासून, लिहून ठेवण्यांत ज्या एका मराठी गृहस्थानें आपलें आयुष्य वेंचिलें त्याची हकीकत येथें देत आहों.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म ता. १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळअष्टमीच्या दिवशीं, मुंबईस वाळकेश्वर येथें झाला. घरची स्थिति बेताची होती. मुलास लहानपणीं बांसरीचा नाद लागला, व पुढें वल्लभदास दामुलजी नांवाच्या गुजराती सतारियापाशीं तो सतार शिकला. आजच्या वाचकास यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं पांढरपेशा घरांतील मुलानें गवयाच्या पायांशीं बसावें हें लोकांस रुचत नसे. गाणें म्हटलें कीं कलावंतिणीची माडी, अफूची गोळी व उधळलेली इस्टेट, एवढेंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येई. आणि जे गाण्याची निंदा करीत त्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असेंही नाहीं. भातखंडे यांनीं मात्र शाळा सोडिली नाहीं आणि सतारही सोडिली नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८५ सालीं ते बी. ए. झाले, १८८७ सालीं कायद्याची परीक्षा उतरले, कांहीं काळ कराचीस वकिली करून पुन्हां मुंबईस आले, आणि पुढें पुष्कळ वर्षें वकिलीवरच त्यांचा चरितार्थ चालला. गाण्यावर पोट भरावयाचें नाहीं हा त्यांचा नियम होता. त्यामुळें त्यांस कोणाची खुशामत करावी लागली नाहीं, व जें वाटे तें ते बेधडक लिहूं शकले.

मुंबईंत पारशी गृहस्थांनीं १८७० सालीं गायन उत्तेजक मंडळी स्थापिली होती. कैखुश्रू काब्राजी हे तिचे उत्पादक. सभ्य स्त्रीपुरुषांस चांगलें गाणें ऐकावयास व शिकावयास मिळावें हा तिचा उद्देश होता. विद्यार्थिदशेंतच, १८८४ सालीं, भातखंडे तिचे सभासद झाले. तेथें रावजीबुवा बेलबागकर यांच्यापाशीं त्यांनीं ध्रुपदें घेतलीं, नांवाजलेल्या खांसाहेबांपाशीं ख्याल घेतले. आणि तेथेंच त्यांस ती अडचण दिसली जिनें पुढें त्यांची झोंप घालविली. एकच राग दोघे गवई दोन तऱ्हेनें गात. एक म्हणे यांत धैवत कोमल, दुसरा म्हणे शुद्ध. कोणता खरा म्हणून विचारावें तर प्रत्येक जण आपल्या वाडवडिलांचें नांव घेई, आणि फार विचारूं लागल्यास रुसून बसे.

येथें त्या गवयांविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. चीज, म्हणजे रागांत बांधलेलें गीत, ही त्यांची जमीनजुमला होती. शेतकरी आपलें शेत वाटेल त्यास देत नाहीं, तसा खांसाहेब आपली खास चीज वाटेल त्यास देत नसे. कित्येक घराण्यांत तर जांवयास हुंड्यांत चिजा दिल्याचें सांगतात. ती चीज बाजारांत चार आण्यांच्या पुस्तकांत छापून आली तर दरबारांत त्यास कोण विचारणार? आपल्या कोल्हापुरांतच शाहू छत्रपतींच्या पदरीं अल्लादिया खां साहेब अनेक वर्षें होते. असा गवई पुन्हां झाला नाहीं असें जाणते म्हणत. परंतु त्यांच्या गळ्याचें एकही ध्वनिमुद्रण मागें राहिलेलें नाहीं. जें शिष्यांच्या गळ्यांत उतरलें तेवढेंच आपल्या वांट्यास आलें. कृपणपणा हें त्याचें पुरतें कारण नव्हे, भय हेंही एक कारण होतें. आणि तें भय खोटें नव्हतें. भातखंडे यांची अडचण मात्र दुसरी होती. त्यांच्या डोळ्यांदेखत दरबार मोडत चालले होते, म्हातारे गवई जात होते, आणि जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर शेंदोनशें चिजा जात होत्या.

वर्ष १९०० मध्यें त्यांची पत्नी वारली. १९०३ सालीं एकुलती एक मुलगी गेली. त्यांनीं पुन्हां संसार मांडला नाहीं. ज्या दुःखानें दुसरा मनुष्य खचता, त्यानें त्यांस प्रवासास मोकळें केलें. गुजरात व काठेवाडचा फेरा त्यांनीं पूर्वींच केला होता. आतां १९०४ सालीं ते दक्षिणेस निघाले : मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर. नंतरच्या वर्षांत नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस, लखनौ इतकीं गांवें त्यांनीं पाहिलीं. प्रत्येक गांवीं ते दोन गोष्टी विचारीत : येथें जुन्या संगीतग्रंथांच्या पोथ्या कोणापाशीं आहेत, आणि येथें जुनें गाणें कोण गातो. रोजच्या भेटींची टिपणें ते मराठींत लिहून ठेवीत. आगगाडीचा तिसरा वर्ग, परक्या भाषा, पोथी दाखवितो म्हणून तिष्ठत ठेवणारे शास्त्री. ज्यानें कधीं पदरचे पैसे खर्चून परमुलुखांत माहिती गोळा केली आहे त्यास हे कष्ट सांगावयास नकोत.

दक्षिणेंत एट्टयपुरम् येथें त्यांस सुब्बराम दीक्षितर भेटले. मुथुस्वामी दीक्षितर या थोर वाग्गेयकाराच्या घराण्यांतले हे वृद्ध गृहस्थ. त्यांनीं त्याच वर्षीं आपल्या परंपरेचा एक मोठा ग्रंथ स्वरलेखनासह प्रसिद्ध केला होता. व्यंकटमखी नांवाच्या सतराव्या शतकांतील पंडिताचा चतुर्दंडिप्रकाशिका हा ग्रंथ भातखंडे यांस त्यांच्यापाशीं मिळाला. त्यांत बारा स्वरांपासून ७२ मेळ होतात व प्रत्येक राग कोणत्या ना कोणत्या मेळांत घालतां येतो, असा हिशोब मांडलेला होता. उत्तरेकडील गाण्यास असाच एखादा हिशोब कां नसावा, हें बीज तेथें पेरलें गेलें.

या प्रवासांत ते पंडितांस एक प्रश्न हमखास घालीत, आणि त्यांत थोडी वकिली होती हें कबूल केलें पाहिजे. तेराव्या शतकांत आपल्याच देवगिरीस, यादव राजांच्या दरबारीं, शार्ङ्गदेव नांवाच्या पंडितानें संगीतरत्नाकर हा ग्रंथ लिहिला. सर्व पंडित त्याचे दाखले देत. भातखंडे विचारीत कीं, या ग्रंथांतला एखादा राग, ग्रंथांत लिहिला आहे तसा, आपण मला गाऊन दाखवाल काय? बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळत नसे. श्लोक पाठ होते, पण श्लोकांतलें गाणें शेंकडों वर्षांपूर्वींच हरवलें होतें. यावरून त्यांनीं एक सिद्धांत बांधला, व तो त्यांच्या साऱ्या कामाचा पाया आहे : ग्रंथ जुना आहे म्हणून त्याप्रमाणें गाणें वांकवावयाचें नाहीं, आज चांगले गवई काय गातात तें ऐकावयाचें आणि त्यावरून नियम काढावयाचे. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या, संस्कृत जाणणाऱ्या माणसानें पोथीपेक्षां मुसलमान गवयाच्या गळ्यास अधिक प्रमाण मानावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. पंडितांस ती बोचली.

मग गवयांकडून घ्यावयाचें कसें? जयपूरचे महंमद अली खां हे मनरंग घराण्याचे. त्यांचे पुत्र आशक अली व अहमद अली मुंबईस आले असतां भातखंडे यांनीं त्यांस गावयास बसविलें, आणि मेणाच्या नळ्यांवर चालणारें जें फोनोग्राफ यंत्र तेव्हां नवीनच आलें होतें त्यांत त्या चिजा भरून घेऊन सावकाश कागदावर उतरल्या. रामपूरची हकीकत अधिक मौजेची आहे. तेथील नबाब हमीद अली खां स्वतः गाण्याचे जाणकार. त्यांच्या पदरीं वझीर खां हे बीनकार होते, जे तानसेनाच्या वंशपरंपरेंतले समजले जात व ज्यांच्यापाशीं पुढें अल्लाउद्दीन खां शिकले. वझीर खां सहजासहजीं कांहीं देणारे नव्हते. तेव्हां पन्नाशीच्या घरांत आलेल्या या वकिलानें नबाबसाहेबांच्या हातून रीतसर गंडा बांधून घेतला, म्हणजे त्यांचें शिष्यत्व पत्करलें. नबाब गुरु झाले. गुरूनें आज्ञा केल्यावर दरबारच्या बीनकारास नाहीं म्हणतां येईना. यास युक्ति म्हणावें कीं भक्ति म्हणावें? आमच्या मतें दोन्ही होतीं.

याप्रमाणें जें मिळालें तें छापून सर्वांपुढें ठेवणें हा दुसरा भाग. लक्ष्यसंगीत हा सूत्ररूप ग्रंथ त्यांनीं संस्कृतांत लिहिला व त्यावर कर्ता म्हणून चतुरपंडित हें नांव घातलें. मग हिंदुस्थानी संगीत पद्धति हा चार भागांचा विस्तृत ग्रंथ मराठींत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें लिहिला. पहिला भाग १९१० सालचा, चौथा १९३२ सालचा. म्हणजे बावीस वर्षांचें काम. यावर विष्णुशर्मा हें नांव आहे. गंमत अशी कीं, विष्णुशर्मा चतुरपंडिताचे आधार असे देतो कीं तो कोणी निराळाच अधिकारी पुरुष असावा. ज्यानें पोथीचें प्रामाण्य झुगारलें त्यानेंच आपलें म्हणणें पंडितांस पटावें म्हणून एक नवी संस्कृत पोथी लिहावी, यांतला विरोध त्यांच्याही ध्यानांत आला असेलच. पण हा मोठा ग्रंथ इंग्रजींत न लिहितां त्यांनीं मराठींत लिहिला, हें आपण मराठी बोलणाऱ्यांनीं कृतज्ञतेनें स्मरावें. पुढें हिंदी वाचकांस तो भाषांतर करून घ्यावा लागला.

तिसरें काम क्रमिक पुस्तकमालिका. हिचे सहा भाग असून त्यांत सुमारें १८०० चिजा स्वरलेखनासह आहेत. हें स्वरलेखन इतकें साधें आहे कीं पाटीवर काढून दाखवितां येईल. सा, रे, ग, म, प, ध, नि हीं अक्षरें. कोमल स्वराखालीं आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकांतील स्वराखालीं टिंब, वरच्या सप्तकांतील स्वरावर टिंब. समेवर गुणिलेची खूण, खालीवर शून्य. जितके स्वर एका मात्रेंत बसवावयाचे तितक्यांखालीं कंस. कोणत्याही छापखान्यांतल्या साध्या खिळ्यांनीं हें छापतां येतें. गाणें लिहिण्याचा उद्योग करणारे ते पहिले नव्हत. बडोद्यास मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढिली व आपली लेखनपद्धति चालविली होती. परंतु भातखंडे यांची पद्धति अंगीं लागली, कारण ती शिकावयास एक दुपार पुरते.

आणि रागांची व्यवस्था? ७२ मेळांचा पसारा त्यांनीं उत्तरेस आणला नाहीं. प्रचारांतील रागांकडे पाहून त्यांनीं दहा थाट ठरविले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी. थाट म्हणजे कुळी, असें समजावें. स्वर तेच असले तरी राग निराळा कसा होतो हें ते उदाहरणानें सांगत. भूप व देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पांच स्वर. पण भूपांत जोर गंधारावर, म्हणून तो कल्याणाच्या कुळींतला व रात्रीचा. देशकारांत जोर धैवतावर, म्हणून तो बिलावलाच्या कुळींतला व सकाळचा. ज्याच्या घरीं पेटी आहे त्यानें हे पांच स्वर वाजवून पाहावे. फरक कानास कळतो.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोंकास असेंच काम सुरू होत होतें, तें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पश्चिम आफ्रिकेंत गोल्ड कोस्ट, म्हणजे ज्यास हल्लीं घाना म्हणतात, त्या देशीं एफ्राइम आमू नांवाचा शिक्षक होता. जन्म १८९९ चा. अक्रोपाँग येथील प्रेस्बिटेरियन मिशनच्या अध्यापक विद्यालयांत तो शिकवी. खेड्यापाड्यांतील गाणीं ऐकून त्यानें तीं लिहून घेतलीं, आपल्या भाषेच्या चढउतारास शोभतील अशा चाली बांधल्या, देशी वाद्यें वापरलीं आणि देशी वस्त्र नेसून तो उपासना चालवूं लागला. हें वडील मंडळींस खपलें नाहीं, व १९३३ सालीं त्यास नोकरीवरून दूर केलें. लौकरच अचिमोटा येथील महाविद्यालयानें त्यास ठेवून घेतलें. आणि आज त्याच्या देशांत त्याचें नांव आदरानें घेतात. त्याच अक्रोपाँगांत शिकलेले क्वाबेना न्केटिया यांनीं पुढें घानाच्या विद्यापीठांत आफ्रिकेचें संगीत व नृत्य यांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. त्यांचा आफ्रिकेच्या संगीतावरील ग्रंथ १९७४ सालीं निघाला. तेथें अडचण निराळी होती. आपल्याकडे सूर लिहिणें कठीण. तिकडे चारपांच ढोल एकाच वेळीं निरनिराळ्या लयींत चालतात, तें लिहिणें कठीण. ए. एम. जोन्स या इंग्रज मिशनऱ्यानें त्यासाठीं एक यंत्रच बनविलें, ज्यांत वादकाच्या प्रत्येक आघाताची खूण सरकत्या कागदावर उमटे. शिवाय तिकडे गाणें, नाचणें व कोरीव मुखवटे हीं तीन निराळीं शास्त्रें नव्हेत. सुगी असो वा मयत, तीन्ही एकत्रच चालतात, म्हणून नुसतें गाणें उचलून कागदावर ठेवल्यास त्याचा अर्धा अर्थ मागें राहतो. आमच्या धनगरांच्या गजनृत्याविषयींही हेंच म्हणतां येईल.

पुनः आपल्या चरित्राकडे वळूं. ग्रंथ झाले, पण गवयांस एका छपराखालीं आणल्यावांचून एकवाक्यता होणार नव्हती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें १९१६ सालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढें दिल्लीस १९१८, बनारसेस १९१९, आणि लखनौस १९२४ व १९२५ अशा आणखी चार भरल्या. आपल्या भागास जवळचा असा एक वाद बडोद्यास पेटला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनीं बावीस श्रुतींचें गणित मांडून १९१० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांस साह्य करणारे क्लेमंट्स नांवाचे इंग्रज न्यायाधीश. त्यांनीं त्या श्रुति वाजतील अशी खास पेटी करविली. भातखंडे म्हणत कीं, गवई गातांना जे सूर लावतो ते या गणितांत बसत नाहींत, आणि बसविण्याचें कारणही नाहीं. बारा स्वरांचें माप शिकविण्यास पुरें आहे, बारीक फरक कान करील. वाद कडवट झाला. देवल यांच्या कष्टांची व प्रामाणिकपणाची आम्हांस कदर आहे. परंतु शंभर वर्षांनंतर शाळाशाळांतून बारा स्वरांचेंच माप चालतें, ही गोष्ट खरी आहे.

परिषदांतून जें निघालें त्याहून शाळांतून अधिक निघालें. ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे यांनीं १९१८ सालीं माधव संगीत महाविद्यालय उघडलें. दरबारचे गवई मुंबईस पाठवून भातखंडे यांच्यापाशीं नवी पद्धति शिकविण्यांत आली. पिढीजात गवयांनीं वकिलापाशीं धडे घ्यावे, हा प्रसंग नाजूकच होता; पण त्यांपैकीं राजाभैया पूंछवाले यांच्यासारखे लोक पुढें त्या विद्यालयाचे आधारस्तंभ झाले. लखनौस राय उमानाथ बली व संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या खटपटीनें १९२६ सालीं मॅरिस कॉलेज निघालें. गव्हर्नरसाहेबांचें नांव द्यावें लागलें, त्यावांचून थैल्या सुटत्या ना. तेथें १९२८ पासून भातखंडे यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मुख्य झाले व त्यांनीं संस्था नांवारूपास आणिली. स्वातंत्र्यानंतर संस्थेस भातखंडे यांचें नांव मिळालें. २००० सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आला, आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय या नांवानें चालत आहे.

आपल्या जिल्ह्यांतल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांची येथें आठवण येणें साहजिक आहे. ते भातखंडे यांच्याहून बारा वर्षांनीं लहान. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले, व १९०१ सालीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढिलें. दोघांचें नांव विष्णु, दोघांचा हेतु एक, पण मनें फारशीं जुळलीं नाहींत. पलुस्करांनीं गाणें भजनाच्या वाटेनें घरोघर नेलें. भातखंडे यांनीं तें व्याकरण किंवा गणित यांप्रमाणें शिकण्याचा विषय केलें, ज्यास हिंदु, मुसलमान, पारशी कोणीही विद्यार्थी सारख्याच हक्कानें येऊन बसेल. आम्ही स्वतः भजनाची गोडी असणारे; पलुस्कर आम्हांस मनानें जवळचे वाटतात. तरी ज्यास कोणत्याच देवळाची दीक्षा नाहीं त्यासही ही विद्या मिळावी, ही भातखंडे यांची दृष्टि अधिक रुंद होती, हें मान्य केलें पाहिजे. देशी चालींवर उपासनेचीं पदें रचणारे कृष्णराव सांगळे व नारायण वामन टिळक यांची गीतें आपण गातों. त्या रागांचीं नांवें ज्या विद्यार्थ्यांस आज पुस्तकांतून शिकतां येतात, त्यांस तें दार भातखंडे यांनींच उघडून दिलें आहे.

त्यांच्या कामांत उणें नव्हतें असें नाहीं. दहा थाटांत सर्व राग सुखानें बसत नाहींत. ललित त्यांनीं मारव्यांत घातला. तो पूर्वींत जावा असें म्हणणारे आहेत. आणि दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा तो राग खरें पाहतां कोणत्याच घरीं नांदत नाहीं. कागदावर दरबारी कानड्याचा गंधार एका रेघेनें कोमल दाखवितां येतो, पण तो जसा झुलतो तसा झुलवितां येत नाहीं; हें भातखंडे जाणत, म्हणून गुरूवांचून नुसत्या पुस्तकानें गवई होईल असें त्यांस कधींच वाटलें नाहीं. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, पुस्तकमालिकेंतील बहुतेक चिजांच्या माथ्यावर ती कोणाच्या मुखांतून घेतली हें छापलेलें नाहीं. ज्या खांसाहेबांनीं आपली पिढीजात दौलत मोकळी केली त्यांस त्या पानांवर जागा मिळावयास पाहिजे होती. आणि आम्हां खेड्यांतल्या माणसांस आणखी एक उणीव भासते. ते देशभर फिरले ते दरबारांतून व ग्रंथालयांतून. शेताच्या बांधावरचें व जात्यापाशींचें गाणें त्यांच्या वहींत आलें नाहीं. तें काम पुढें दुसऱ्यांनीं हातीं घेतलें : साने गुरुजींनीं बायकांच्या ओव्या जमविल्या; नंतरच्या काळांत हेमा राइरकर व गी प्वातव्हें यांनीं गांवोगांव फिरून जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा संग्रह केला. ढोलांच्या गतींचा तसा संग्रह करणारा अजून हवा आहे.

अण्णासाहेब, या नांवानें त्यांस स्नेही व शिष्य हांक मारीत, अखेरपर्यंत साधेपणानें राहिले. शिकविण्याचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत. पुस्तकें छापण्याच्या कामीं त्यांचे वकील शिष्य भालचंद्र सीताराम सुकथनकर यांचें मोठें साह्य झालें. १९३३ सालीं ते आजारी पडले व पुढें अंथरुणास खिळले. हात चालत नव्हता तरी डोकें चालत होतें. मालिकेच्या शेवटच्या भागांचें काम बाकी होतें. ता. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, मुंबईस त्यांचा अंत झाला. मालिकेचा सहावा भाग त्यांच्या मागें, १९३७ सालीं, छापून बाहेर पडला.